रिकामा रकाना

लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा घराच्या दारावर एक पाटी होती. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत सासरचं आडनाव आणि त्याच्यापुढे 'एजन्सी'. कसली एजन्सी ते लिहिलेलं नव्हतं. मी नवी नवरी, चार दिवस गप्प बसले, पाचव्या दिवशी विचारलं, "अहो, पण एजन्सी कसली?" तर आमचे हे म्हणाले, "मिळेल त्याची. म्हणून तर जागा मोकळी ठेवलीय."

नवऱ्याची कुंडली मला त्या एका उत्तरात कळली. चहापत्तीची एजन्सी घेऊन झाली होती. दंतमंजनाची झाली होती, त्याचे डबे फडताळात होते आणि आम्ही घरचे लोक ते दोन वर्षं घासत होतो. शिवणयंत्राची मिळता मिळता राहिली. पिंपरीच्या माळावर कारखान्याचं बांधकाम निघालं तशी सगळ्या पट्ट्यात या शब्दाची साथच आली. कुणी सिमेंटची एजन्सी घेतली, कुणी रॉकेलची, कुणी मजूर पुरवायची. ज्याला कुणाचं काय विकायचं ते धड सांगता येत नसे तोही 'आपली एजन्सी हाय' असं सांगून पान जुळवत बसे. शब्दात रुबाब होता. नोकरी म्हटलं की कुणाचा तरी ताबेदार, दुकान म्हटलं की वाणी. एजन्सी म्हटलं की माणूस आपोआप इस्त्रीचा सदरा घालायचा.

मग पुण्याच्या एका फोटो स्टुडिओची एजन्सी यांना मिळाली, आणि ती टिकली. काम असं होतं की गावोगाव हिंडायचं, लोकांच्या घरातले लहान, विटलेले फोटो गोळा करायचे, आणि स्टुडिओतून ते मोठे करून, रंग भरून, चौकटीत बसवून परत नेऊन द्यायचे. त्या काळी फोटो सगळे काळे-पांढरे. त्यात रंग भरायचे तर कुणाला तरी विचारायला हवं की लुगडं कुठल्या रंगाचं होतं, नथीत मोती किती, माणूस गोरा की सावळा. तिथे आमच्या यांची गाडी अडली. बायकोच्या लुगड्याचा रंग सांगू शकेल असा पुरुष चिखलीपासून चाकणपर्यंत एकही सापडला नाही. आणि बायका काही ओटीवर येऊन परक्या पुरुषाला आपल्या नथीची हकीकत सांगणार नव्हत्या.

म्हणून यांनी मला सायकलच्या मागे बसवलं. मी मराठी सातवी झालेली, अक्षर बरं. हे ओटीवर बसून पुरुषांशी बोलणार, मी स्वयंपाकघरात जाऊन बायकांना विचारून फॉर्म भरणार. पाटीवर नाव यांचं, काम माझं. गावच्या बायका मला 'एजंटीणबाई' म्हणायला लागल्या, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

पहिल्या दिवशी स्टुडिओच्या मालकांनी दोघांनाही समोर बसवून फॉर्म समजावून सांगितला. म्हातारे, शांत गृहस्थ. एकेक रकाना बोटाने दाखवत गेले. वर्ण, लुगडं, पागोटं, दागिने, कुंकू आडवं की गोल. शेवटचा रकाना 'हयात / मयत'. मयत लिहिलं तर त्यांचा आर्टिस्ट डोक्यामागे उजेडाचं वर्तुळ काढायचा आणि गळ्यात हार रंगवायचा. जोडप्याचा फोटो असेल आणि नवरा मयत असेल, तर बायकोच्या कपाळावर अंगाच्या रंगाचा हात फिरवून कुंकू झाकायचा, मंगळसूत्रही झाकायचा. फोटो कधी काढलेला, ते बघायचं नाही. आज जशी असेल तशी दाखवायची, असा रिवाज होता. लोकांनाही तेच हवं असे.

"हा रकाना रिकामा सोडू नका," मालक मला म्हणाले. "रिकामा आला तर आम्ही मयतच धरतो. माणूस गेल्याशिवाय कोण एवढा मोठा फोटो करतो?"

आणि मग एजन्सी म्हणजे काय तेही त्यांनी सांगितलं. "तुम्ही विचारलं म्हणजे आम्ही विचारलं. तुम्ही लिहिलं म्हणजे आम्ही लिहिलं. तुमचा हात तो आमचा हात." हे ऐकून मला केवढं हायसं वाटलं! वीस वर्षांची होते. तोवर स्वतःच्या नावाने मी साधं पोस्टकार्डही पाठवलं नव्हतं. आता मी काहीही केलं तरी ते पुण्यातल्या त्या भल्या माणसाने केलेलं असणार होतं.

तयार फोटो पुण्याहून पॅसेंजरने यायचे आणि पोचवून होईपर्यंत आमच्या ओटीवर असायचे. काच फुटू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून एकाला एक टेकवून ठेवायचो. दहा-बारा मेलेली माणसं घरात पाठ करून उभी. मला सुरुवातीला हसू यायचं. दुपारी हे बाहेर गेले की मी भाजी चिरत त्यांच्याशी बोलायची सुद्धा, "काय आजोबा, आळंदीला उद्या जाऊ हं." मग चिखलीचं ते झालं, आणि तेव्हापासून मी ओटीवर चादरीचा पडदा लावून घेतला.

चिखलीचं घर मळ्यातलं होतं. ओटीवर एक म्हातारी बसली होती, तिनेच निरोप धाडून बोलावलं होतं. तिचा थोरला मुलगा लढाईच्या दिवसांत मुंबईला गोदीत कामाला गेला. दोन पत्रं आली, नंतर काही नाही. माणूस पाठवला, शोध केला, गोदीत कुणाला पत्ता नाही. त्याला आता बारा वर्षं पुरी होत आली होती. बारा वर्षं माणूस बेपत्ता राहिला की पळसाच्या पानांचं माणूस करून त्याला अग्नी देतात आणि दिवस घालतात. म्हातारीला ते करून घ्यायचं होतं.

"पोराला पानी मिळालं न्हाई, दादा," ती यांना म्हणाली. "बारा वरसं ततं तसाच तहानल्याला फिरत आसंल. माझा जीव जायच्या आत त्येला पानी मिळू द्या. आन् फोटू बी मोठा करून द्या, त्येच्याम्होरं दिवा लावीन."

वाईट बाई नव्हती ती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कुणी तिला बोल लावील. बारा वर्षांत तिने सुनेला माहेरी धाडली नव्हती, की अपशकुनी म्हटली नव्हती. आताही विधीसाठी सुनेने बांगड्या उतरवायला हव्या होत्या आणि सून तयार नव्हती, तर म्हातारीने जबरदस्ती केली नव्हती. ती थांबली होती.

मी फॉर्म घेऊन आत गेले. सून चुलीपाशी होती. सव्वीस वर्षांची असेल, माझ्यापेक्षा थोडी मोठी. तिने पेटीतून फोटो काढून दिला. आळंदीच्या जत्रेत, रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेला. तो खुर्चीवर, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि ती शेजारी उभी, चौदा वर्षांची, कपाळभर कुंकू, कॅमेऱ्याला घाबरून डोळे मोठे केलेले. लुगडं हिरवं, काठ लाल. त्याचं पागोटं गुलाबी. ती भराभर सांगत गेली, जणू काल नेसली होती. मग म्हणाली, "त्यांच्या डाव्या भिवईत खाच हाय बघा. ल्हानपनी बैलानं शिंग मारल्यालं. ती बुजवू नगा म्हनावं." मी लिहिलं: डाव्या भुवईतील खाच तशीच ठेवणे.

शेवटचा रकाना राहिला. मी तिला विचारलं. नियमच होता विचारायचा.

तिने दाराकडे पाहिलं आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. हाताला पीठ होतं. "हयात लिवा, बाई," ती म्हणाली. "माझं कुकू त्येवढं ऱ्हाऊ द्या. म्या कुनाला सांगायची न्हाई."

तेवढ्यात ओटीवरून म्हातारीचा आवाज आला, "एजंटीणबाई, मयत लिवा बरं का. इसरू नगा." पाठोपाठ आमच्या यांचा, "अगं, झालं का? अजून दोन घरं आहेत."

मी तिच्याकडे बघून मान हलवली. हो म्हणून. ती हसली. मग मी फॉर्मची घडी घातली, पेनचं टोपण लावलं, बाहेर आले आणि म्हातारीला म्हणाले, "झालं."

रकान्यात मी काहीच लिहिलं नव्हतं.

त्या क्षणी मला फार शहाण्यासारखं वागल्याचं वाटलं होतं. दोघींनाही नाही म्हटलं नाही, खोटं काही कागदावर घातलं नाही. घरी येताना सायकलच्या मागे बसून मी स्वतःला सांगत होते की आता जे होईल ते स्टुडिओ करील. पण रिकाम्या रकान्याचं स्टुडिओत काय होतं ते मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी विसरले असते तर आज हे लिहायची गरज पडली नसती.

तीन आठवड्यांनी फोटो आला. चौकटीच्या मागे फॉर्म डकवलेला असायचा, पोचवताना ताडून बघायला. रिकाम्या रकान्यापाशी कुणीतरी शिसपेन्सिलीने बारीक 'म' काढला होता. मी फोटो उलटा केला. सुंदर काम होतं. गुलाबी पागोटं, हिरवं लुगडं, भुवईतली खाच जशीच्या तशी. त्याच्या डोक्यामागे उजेड, गळ्यात शेवंतीचा हार. आणि शेजारी ती चौदा वर्षांची पोर, डोळे तसेच मोठे, कपाळ कोरं. इतकं सफाईने झाकलं होतं की तिथे कधी काही होतं असं वाटू नये.

हे मागून वाकून बघत म्हणाले, "छान आलाय की." मी म्हटलं, "फॉर्मवर मी काही लिहिलं नव्हतं." हे म्हणाले, "मग तर बरंच. आपण लिहिलं नाही म्हणजे आपल्याकडे काही दोष नाही." त्यांचा स्वभाव असा की त्यांना हे खरंच वाटलं, आणि ते आंघोळीला गेले. मी फॉर्म सोडवून घेतला आणि माझ्या ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी ठेवला. चोराला चोरी लपवायला कुणी शिकवावं लागत नाही.

चिखलीला आम्ही सकाळी दहाच्या सुमारास पोचलो. म्हातारीने फोटो मांडीवर घेतला, काचेवरूनच त्याच्या गालावर हात फिरवला, आणि मोठ्याने रडली. बारा वर्षांचं रडणं होतं, ऐकवत नव्हतं. हे मान खाली घालून बसले. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "आत दावा तिला."

मी फोटो आत नेला. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं. म्हणणार होते की स्टुडिओची चूक झाली, परत नेते, कुंकू रंगवून आणते. ठरवलं होतं, देवाशपथ.

तिने फोटो हातात घेतला आणि आधी त्याच्या भुवईकडे पाहिलं. मग स्वतःकडे. बोट ओलं करून तिने काचेवर, त्या कोऱ्या कपाळावर घासलं, वर काही लागलंय का बघायला. मग मान वर करून मला विचारलं, "बाई, तुमी लिवलंवतं न्हवं? हयात?"

ती माझ्यावर संशय घेत नव्हती. नुसतं विचारत होती. त्या नजरेपुढे 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "हो. लिहिलं होतं."

"नक्की?"

"हो, हो. मीच लिहिलं होतं."

ती फोटोकडे बघत राहिली. "तुमी हयात लिवूनबी आसं आलं," ती अगदी हळू म्हणाली. "म्हंजी कागदालाच कळलं."

मला समजायला एक क्षण लागला. मी हयात लिहिलं नव्हतं, हे तिला माहीत असतं तर तो फोटो नुसता फोटो राहिला असता. आर्टिस्टची चूक, एजंटिणीची चूक, सासूचा हट्ट, काहीही. माझ्या त्या एका 'हो'ने तो पुरावा झाला. बारा वर्षं सासूने, दिराने, गावाने सांगून तिने मानलं नव्हतं, आणि ज्याने काही सांगितलंच नव्हतं अशा कागदावर तिने विश्वास ठेवला. कागद कशाला खोटं बोलेल!

मी अजूनही बोलू शकत होते. चूल पेटलेली होती, आधणाचं पाणी उकळत होतं, बाहेर हे आणि म्हातारी बसलेली होती. एवढंच म्हणायचं होतं, "थांबा." मी नुसती उभी राहिले.

तिने पदराचा शेव घेतला आणि कपाळ पुसलं. एकदा पुसून गेलं नाही, कडेला लाल राहिलं, म्हणून पुन्हा पुसलं. रडली नाही. फोटो माझ्या हातात परत दिला आणि दाराकडे वळून म्हणाली, "आत्याबाई, तुमी म्हनता तसं करू."

ओटीवर म्हातारी पुन्हा रडू लागली. या खेपेला तिच्या रडण्यात सुटकाही होती. यांनी नंतर सायकलवर मला सांगितलं, "बघ, बरं झालं. अडलेलं काम मार्गी लागलं."

त्यानंतर मी कित्येक वर्षं त्या माणसाला शोधत होते. त्याचा चेहरा मला त्याच्या आईपेक्षा नीट पाठ होता. पिंपरीचा कारखाना सुरू झाला, भोंगा झाला की माणसांचा लोंढा फाटकातून बाहेर पडायचा, आणि तिथून जायची वेळ आली की मी प्रत्येकाची डावी भुवई बघायची. चाकणच्या बाजारात बघायची. चिंचवड स्टेशनवर पॅसेंजर थांबली की बघायची. लोकांना वाटे, एजंटीणबाई गिऱ्हाईक हेरते आहे. मी शोधत होते ते तो सापडावा म्हणून नव्हे. तो सापडू नये म्हणून. तो खरोखरच मेलेला असला तर मी कुणाचं काही केलं नव्हतं. म्हणजे एक अनोळखी माणूस, ज्याने माझं काही वाकडं केलेलं नाही, तो मेलेला असावा म्हणून मी रोज देवापुढे हात जोडत होते. हे मी कुणाला कधी बोलले नाही.

एकदा तो मला दिसला. एके सकाळी स्टेशनवर एक माणूस उतरला, हातात ट्रंक, चाळिशीचा, आणि डाव्या भुवईत खाच. तो नदीकडे चालू लागला. मी मागे मागे गेले, पिशवी छातीशी धरून. मनात एकच की हा आता चिखलीची वाट विचारणार. पुलापाशी त्याने ट्रंक खाली ठेवली आणि मागे वळला. खाच नव्हती, घामाने चिकटलेली काळी काडी होती काहीतरी. त्याने ती पुसून टाकली आणि मला विचारलं, "काय हवंय, ताई?" मी काही नाही म्हटलं. आणि मला एवढा आनंद झाला, एवढा, की मला तिथेच कठड्यावर बसावं लागलं. मग त्या आनंदाची इतकी किळस आली की घरी जाऊन मी जेवले नाही.

चिखलीला मी पुन्हा गेले नाही. तिकडचं काम निघालं की यांना म्हणायची, डोकं दुखतंय. काही वर्षांनी एजन्सी सुटली, आमचे हे कारखान्यात स्टोअरला लागले आणि चांगलं काम करून निवृत्त झाले. पाटी मात्र त्यांनी काढू दिली नाही. ती गंजून आपोआप पडली.

हे गेले त्याला तीन वर्षं झाली. आमच्या लग्नातला एकुलता एक फोटो मोठा करायला नात मला संत तुकाराम नगरातल्या एका दुकानात घेऊन गेली. आता कॉम्प्युटरवर करतात. फोटोवाल्याने आमचे चेहरे पडद्यावर मोठे केले, आणि अदबीने विचारलं, "आजी, आजोबा नाहीत ना? मग तुमचं कुंकू ठेवू की काढू? काही घरांत काढायला सांगतात, म्हणून विचारतो."

नात भडकली. ती कॉलेजात काय काय शिकते. बाहेर आल्यावर मला समजावत होती की हे ठरवणं हीच बाईची एजन्सी, म्हणजे आपल्याबद्दल आपण ठरवायचं आणि ते करायचं, ती कुणी दुसऱ्याने वापरायची नाही. मी म्हटलं, "आमच्या वेळी एजन्सी म्हणजे दुसऱ्याचं काम आपण करायचं." ती हसली. म्हणाली, "आजी, बरोबर उलटं." मी तिला ट्रंकेतल्या फॉर्मबद्दल सांगितलं नाही. तो अजून आहे. घडीवर फाटलाय, पिठाचा डाग आहे, पेन्सिलीचा 'म' पुसट झालाय. मध्ये एकदा पेन घेऊन मी त्या रकान्यात 'हयात' लिहायला बसले होते. लिहिता आलं नाही. कुणाच्या वतीने लिहिणार?

दुकानात मी "ठेवा" म्हणाले आणि त्याने कुंकू ठेवलं. किती सोपं होतं. विचारलं, सांगितलं, झालं. नात अजून म्हणते, पूर्वी बायकांना कुणी विचारतच नव्हतं, नाही का गं आजी? मी मान हलवते. पण चिखलीच्या तिला विचारलं होतं. मीच विचारलं होतं, आणि तिने सांगितलंही होतं.